आमच्या बाकड्यावरची ती

नवरा-बायकोचं भांडण पडद्यावर असलं की लोकांना काय हसू येतं! त्यांनी आमच्या घरी येऊन बघायला हवं होतं.

घरोघरी टीव्ही नव्हते तेव्हाची गोष्ट. राजोडीला, आमच्या गावी, सणाला ख्रिस्ती देवळाच्या मैदानात पडदा बांधून सिनेमा दाखवला. त्यात पन्नाशीचं जोडपं, पोरं पांगलेली आणि दोघांचा अबोला. बायकोशी बोलायचं नाही म्हणून तो नवरा रिकाम्या खुर्चीला सांगतो, "हिला म्हणावं, चहा टाक." अख्खं गाव खदाखदा हसलं. आमचे हेही हसले. मला मात्र रडू फुटलं, कारण आमचाही अबोलाच चालला होता. लेकीच्या लग्नात विहिणीसमोर म्हणाले होते, "हिच्या हाताला चव नाही." मग इतकी वर्षं गिळलंत ते काय होतं? मी तोंड मिटलं, त्यांनीही मिटलं. निरोप पोचवायला लेक असायची, ती सासरी गेलेली.

दुसऱ्या दिवशी हे वाडीतून आले. लग्नाआधी ओटीवरच्या बाकड्यावर बसून लेक कागड्याच्या कळ्या निवडायची. त्या जागेकडे तोंड करून म्हणाले, "बाय, आईला सांग, भूक लागलीय." मला फिस्सकन हसू आलं. मीही बाकड्यालाच म्हटलं, "सांग त्यांना, बिनचवीचं जेवण तयार आहे." बरं वाटलं हो! घरात आवाज तरी झाला. आज ना उद्या सरळ माझ्याशी बोलतील असं वाटायचं. फार वाटायचं. पण आधी मी बोलणार नव्हते, जीव गेला तरी.

पावसाळा सरला तरी हे थांबेनात. निरोप सांगून झाला की जरा थांबायचे, ऐकल्यासारखी मान हलवायचे. एकदा मी विहिरीवरून आले तर एकटेच बाकड्याकडे बघून म्हणत होते, "नाही गं, इतकी काही वाईट नाही ती."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी मुद्दाम बाकड्यावर टोपल्या रचून ठेवल्या. सकाळी बघते तर टोपल्या खाली, आणि तेवढी जागा ओल्या फडक्यानं पुसलेली.

नाताळला लेक माहेरी आली. पिशवी टाकून बाकड्यावर टेकणार, तोच हे ओरडले, "अगं, तिच्या अंगावर बसतेस की काय!"

लेक हसली. बाबांची नेहमीची मस्करी, तिला वाटलं. हे हसले नाहीत.

खड्ड्यात गेला तो अबोला! मी त्यांचा हात घट्ट धरला. "अहो, माझ्याकडे बघा. आपली लेक ही इथे उभी आहे. बाकड्यावर कुणी नाही."

त्यांनी बघितलं. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा, सरळ माझ्याकडे. मग बाकड्याकडे डोळ्यांनी खूण करत, अगदी हळू, मायेनं मला म्हणाले, "असं तिच्यासमोर बोलू नकोस. तिला लागतं."