छतातल्या हवेचे राखणदार

माझ्या विट्याच्या व्याह्यांइतका शूर आणि तितकाच भित्रा माणूस साऱ्या सांगली जिल्ह्यात सापडायचा नाही. चाळीस वर्षं परमुलखात गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या दुकानात वितळत्या सोन्याशेजारी उभे राहिले, पापणी हलली नाही. पण म्हातारपणी बांधलेल्या बंगल्यातला एसी बंद पडेल या धास्तीनं त्यांचा घास अडायचा. कारणही तसंच. त्या दुकानाच्या माडीवर संसार करताना ॲसिडचा धूर त्यांच्या बायकोच्या छातीत बसला होता, आणि उन्हाळ्याच्या तापल्या हवेत तिचा श्वास कोंडायचा. म्हणून गच्चीवर एकच मोठं यंत्र, प्रत्येक खोलीच्या छताला गार हवेचं तोंड, आणि आतली हवा परत ओढून घ्यायला घरातल्या बोळात भिंतीच्या तळाशी जाळी. रिमोटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "आकडा काय, कुनीबी लिवतंय," म्हणायचे. प्रत्येक तोंडाला त्यांनी लाल रेशमी दोरा बांधला होता. तो फडफडतोय ना, हे बघत दिवसभर फेऱ्या. एक थर्मामीटर जाळीपाशी धरायचे, दुसरा छताशी. दहा अंशांचा फरक दिसला की मगच चहा घ्यायचे.

मे महिन्यात मी लेकीला भेटायला तिथं गेले. वय त्रेसष्ट, म्हणजे अक्कल यायची होती. बोळातून जाताना त्या जाळीनं माझा पदर ओढला. आज पदर, उद्या मी, असा हिशेब करून मी गोधडीची चौघडी जाळीला लावली, वर खुर्ची टेकवली आणि निर्धास्त झोपले.

जाग आली ती विहीणबाईंच्या खोकल्यानं. त्या पलंगावर उठून बसल्या होत्या, ओठ काळवंडलेले. वरचा दोरा लोंबत होता. व्याही गच्चीवरून धापा टाकत आले. "पाईपवर बर्फ चढलाय आन घरात हवा न्हाई. मेकॅनिक सांगलीस्नं येनार, तवर काय करू?"

 गप्प बसावं असं क्षणभर मला वाटलंही, खोटं कशाला सांगू. मग त्यांना बोळात नेऊन गोधडी ओढून काढली. "आवं, मी भ्याले ह्या जाळीला."

ते रागावले नाहीत. ओढायला हवाच न मिळाल्यानं यंत्रानं बर्फ धरला होता; गारवा बंद करून नुसता पंखा चालू ठेवला, म्हणजे तो वितळेल. मग बायकोची पाठ चोळत वर बघत बसले. कितीतरी वेळानं दोरा हलला.

विहीणबाई दम खात मला म्हणाल्या, "बघा की, मला कवा जेवढं बघितलं न्हाई, तेवढं त्या दोऱ्याला बघत्यात."

"तुझ्याकडं बघवत न्हाई, म्हनून," व्याही म्हणाले.

आता उन्हाळ्यात दुपारी मीच त्यांना फोन लावते. "झोपलीया," ते कुजबुजतात आणि फोन तिच्या उशाशी धरतात. तिच्या श्वासाची बारीक घरघर ऐकू येते. आधी फोन ठेवायचं धाडस आम्हा दोघांपैकी कुणालाच होत नाही.