एक फरशी सोडून

"तुझं शून्यसुद्धा चुकलंय!"

प्रयोग तपासणारे डेमॉन्स्ट्रेटर ओरडले आणि माझं जर्नल त्यांनी टेबलावरून भिरकावलं. हातात दिलं नाही. माझ्या हातात ते काहीच द्यायचे नाहीत. जर्नल माझ्या पायापाशी आपटलं, आलेखाचा कागद सुटून बाकाखाली गेला.

"सगळ्या वर्गाचे कर्व्ह एकमेकांवर बसतात. तुझाच खाली. तुम्हा लोकांना सरळ बघायची सवयच नाही."

पोरं हसली. मी कागद काढायला बाकाखाली वाकलो. तिथून वर येऊच नये असं वाटलं.

आताची पोरं प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचे कर्व्ह काढतात. आमच्या वेळी, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, ट्रान्झिस्टर जन्मायचा होता. त्याच्या जागी काचेचा ट्रायोड व्हॉल्व्ह. बॅटरीचा दाब थोडा थोडा वाढवायचा, दर वेळी करंट किती वाहतो ते मीटरच्या काट्यावर वाचायचं, त्या आकड्यांचा आलेख काढायचा. दोघांनी मिळून करायचा प्रयोग. कॉलेज सांगलीकडचं. नाव घेत नाही.

मी आटपाडीकडच्या खेड्यातला महार. माझा जोडीदार कृष्णाकाठच्या ऊसवाल्या पाटलाचा पोरगा. पहिल्याच दिवशी डेमॉन्स्ट्रेटरांनी बोटानं माझी जागा दाखवली होती. "तू तिकडे, खिडकीच्या अंगाला. एक फरशी सोडून उभा राहा. व्हॉल्व्ह विलायती आहे, लढाईमुळे दुसरा मिळायचा नाही. जोडणी हा करेल. तू लांबून आकडे सांग."

व्हॉल्व्ह विलायती! म्हणजे मी नुसता जवळ आलो तरी काच तडकणार होती की काय?

टेबल आणि मी, मधे एक शहाबादी फरशी. मान लांब करकरून काटा बघायचो. आज तिसऱ्यांदा त्यांनी जर्नलवर सही नाकारली होती. एका प्रयोगाची सही राहिली तरी परीक्षेचा फॉर्म मिळत नसे, आणि फॉर्म भरायला दोन दिवस उरले होते. वर्ष गेलं की बोर्डिंगातली जागा जाणार. मग गाव. मेलेली ढोरं ओढायची. दिवाळीला घरून निघताना बा म्हणाला होता, "कोन काय बी बोलू दे, मान खाली घाल. येवढं वरीस काड रं. हितं मागारी येऊ नगंस."

मान खालीच होती. तरी आकडे चुकत होते. आपलंच डोकं कमी, असं मला खरंच वाटायला लागलं होतं.

जोडीदार बाहेर जाताना हळूच म्हणाला, "गड्या, पल्याडच्या जोडीचं आकडं उतरून घे की रं. म्या घेतलं, सही बी झाली."

"त्यापरास मला टेबलाजवळ उभं राहू दे."

"माझं काय न्हाई रं. पर सर बघत्यात न्हवं!"

मन वाईट नव्हतं त्याचं. पण असल्या चांगुलपणाचं मी काय करायचं होतं?

दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेले. प्रयोगशाळा उघडी होती. मी फरशी ओलांडली आणि टेबलाला पोट टेकवून मीटरवर वाकलो.

आकड्यांच्या खाली आरशाची बारीक पट्टी होती. वर काटा, खाली आरसा. बरोबर वरून बघितलं की काट्याचं आरशातलं रूप काट्याखाली दडतं, तेव्हाच आकडा खरा. पुस्तकात वाचलं होतं मी. माझ्या जागेवरून त्या आरशात समोरची भिंत दिसायची. आता माझाच डोळा दिसला. बॅटरी बंद होती. काटा शून्यावर होता.

मागं माझ्या फरशीवर गेलो. तिथून तिरकं बघितलं की काटा शून्याच्या खाली. पुढं आलो. शून्यावर. परत मागं, परत पुढं. वेड्यासारखा येरझाऱ्या घालत होतो. करंट सुरू व्हायच्या आधीपासूनच मी कमी भरत होतो, कारण मला तिथं उभं केलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मी रडलो. तीन महिने मी स्वतःला मठ्ठ म्हणत होतो, त्याचं रडू आलं.

मग डोळे पुसले. एकट्यानं जोडणी केली, आकडे घेतले, आलेख काढला. जर्नलमध्ये शेवटी 'चुकीची कारणं' लिहायची असतात. तिथं इंग्रजीत एक ओळ लिहिली. 'निरीक्षकाला टेबलापासून एक फरशी लांब उभं केल्यामुळे आधीचे सगळे आकडे कमी आले.'

डेमॉन्स्ट्रेटर आले. "कुणी सांगितलं हात लावायला?"

"मीच लावला, सर. व्हॉल्व्ह फुटला नाही."

त्यांनी माझा आलेख दुसऱ्याच्या आलेखावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरला. रेघेवर रेघ बसली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांची नजर त्या ओळीवर गेली आणि कान लाल झाले.

"ही ओळ खोड. सही करतो."

आवाज एकदम मऊ. माझ्याशी इतकं मऊ ते कधी बोलले नव्हते. एक रेघ मारायची होती. फॉर्म, परीक्षा, बा, सगळं त्या रेघेपलीकडं उभं होतं. लय मोह झाला, खोटं का बोलू? हात टाकाकडं गेलासुद्धा.

"सर, ओळ चुकीची आहे का?"

"मला शिकवू नकोस. खोड!"

"नाही खोडणार."

त्यांनी टोपण लावलं. माझं वर्ष गेलं.

चैत्रात मी बाच्या जोडीला मेलेली म्हैस ओढत होतो. ओढ्याच्या काठाला बा थांबला, दम खाल्ला, आणि म्हणाला, "येक रेघ मारायची व्हती न्हवं? आमी जलमभर वाकलो रं. तुला येक रेघ जड झाली?"

त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. तो चुकत नव्हता. वाकून वाकून त्यानंच मला तिथवर पोचवलं होतं. दोर माझ्या हातात तसाच होता.

"बा, जूनमध्ये मी परत जातो. भीक मागंन, कुणाच्या बी पडवीत झोपंन, पर त्याच कॉलेजात जातो. त्याच टेबलाला पोट टेकवून हुबा ऱ्हानार. मला काडायचं तर त्यास्नी माझा दंड धरावा लागंल. शिवावं लागंल मला."