पुठ्ठ्यावरचे दोन ठिपके

कुंदाताईंनी मोबाईल थेट माझ्या हातांवर धरला होता. व्हिडिओ चालू. "तुम्ही करा तुमचं काम," त्या म्हणाल्या, "मी फक्त पाहून राहिली."

मागे कुण्या मेकॅनिकने त्यांच्या फ्रिजचा चांगला पार्ट काढून नेला, असा त्यांना संशय होता. मला राग नाही आला. दूधवाल्यानं माप पालथं केलं की मीसुद्धा आत डोकावून बघते.

आमचं रिपेअरिंगचं दुकान गोहलपुरात आहे. मिस्टर होते तेव्हा रेडिओ-टीव्हीचं काम चालायचं. त्यांच्या बाजूला स्टूल टाकून बसायची, बघायची, विचारायची, तशीच शिकले. सर्टिफिकेट काही नाही. आता मिक्सर, ओव्हन, गिझर असं सगळं येतं, आणि घरी जाऊनही काम करते. स्वयंपाकघरात बाईमाणूस आलेलं लोकांना बरं वाटतं.

तर कुंदाताई. विजय नगरात राहतात, शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या. मायक्रोवेव्ह लेकीनं घेऊन दिलेला. तक्रार अशी, की चालू केला की आत चटचट आवाज, ठिणग्या, आणि जळका वास. कारणही त्यांनी माझ्या आधीच शोधून ठेवलं होतं. स्वयंपाकाला येणाऱ्या रजनीनं आत स्टीलची वाटी ठेवली असणार. आधी वास यायला लागला, मग तिनं सगळं घासूनपुसून ठेवलं, आणि आता काही बोलत नाही.

रजनी इकडचीच, हिंदी बोलणारी; तिथंच ओट्याशी बेसन चाळत होती. कुंदाताई माझ्याशी मराठीत बोलत होत्या, म्हणजे तिला कळणार नाही. अहो, जी बाई इतकी वर्षं तुमच्या घरात राबते, तिला तुमचं सगळं मराठी कळतं. तिची चाळणी थांबली होती.

"दुसरी बाई पाहून ठेवली आहे मी," कुंदाताई म्हणाल्या. "ऐन दिवाळीत काढायला बरं नाही वाटत, पण काय करणार? तुम्ही एवढंच सांगा, की स्टील होतं. मग माझ्या मनाला लागणार नाही."

म्हणजे मला मशीन दुरुस्त करायला नाही, निकाल द्यायला बोलावलं होतं. अच्छा, म्हटलं, बघू.

पहिली गोष्ट, प्लग काढला. मग दार. दाराचं बिजागर ढिलं असेल, कड वाकलेली असेल, काच तडकलेली असेल, तर ते मशीन चालवायचंच नाही, कारण आतल्या लहरी आतच राहायला हव्यात. दार ठणठणीत होतं. मग काचेची फिरती थाळी काढली. लख्ख. खालची चाकं, भिंती, छत, सगळं लख्ख. इतकं स्वच्छ मशीन मी दिवाळीच्या तोंडावरसुद्धा बघत नाही. खरं सांगते, मलाही रजनीवरच शंका आली. एवढं काहून घासलं असेल?

पण स्टीलनं ठिणगी उडाली, की खुणा राहतात. भांड्याची कड भिंतीच्या जवळ जिथं आली असेल, तिथं बारीक काळे टोचे पडतात, रंग उडतो. टॉर्च घेऊन भिंती पाहिल्या, बोटानं चाचपल्या. टोचा कुठंच नाही.

"मागचं झाकण नाही उघडत का?" कुंदाताईंनी मोबाईल पुढं आणला.

"लागलं तरच उघडीन."

"काहून? आत काय आहे असं?"

त्यांना वाटलं, मी काही लपवते आहे. म्हणून सांगितलं. मागे कपॅसिटर नावाचा डबा असतो. प्लग काढला तरी तो करंट धरून ठेवतो, आणि त्याचा झटका माणसाचा जीव घेऊ शकतो. आम्ही तो आधी रिकामा करतो, मगच आत हात घालतो. तुम्ही घरी तुमचा स्क्रूड्रायव्हर घेऊन तिकडं वळूसुद्धा नका. कुंदाताई मोबाईलसकट दोन पावलं मागे सरल्या.

मग मी उजव्या भिंतीकडं वळले. तिथं पोस्टकार्डाएवढा एक करडा पुठ्ठा लावलेला असतो. पुष्कळांना ते पॅकिंग वाटतं, काही जण काढून फेकतात. फेकू नका. तो पुठ्ठा नाही, अभ्रक आहे. आम्ही मायका शीट म्हणतो. लहरी त्याच्यामागून आत येतात, आणि तो अन्नाचे शिंतोडे आत जाऊ देत नाही. त्याच्यावर तेलकट काही बसलं की ते तापतं, जळतं, कोळसा होतं, आणि त्या कोळशावर ठिणग्या उडतात. असंच चालवत राहिलं तर मशीनच कामातून जातं.

ह्या शीटच्या मधोमध काळं भोक पडलं होतं. आजूबाजूला चिकट. म्हणजे रोग इथं होता. पण माझी शंका गेली नाही, उलट वाढली. जिनं थाळीखालची चाकंसुद्धा घासली, तिनं एवढा एक तुकडा काहून सोडला?

भोकाच्या खाली लालसर काही दिसलं. टमाटरची ग्रेव्ही असेल, म्हटलं. टॉर्च जवळ नेला. दोन ठिपके होते. एक डावीकडं, एक उजवीकडं, एका रेषेत, एकसारखे गोल. ग्रेव्ही अशी मोजूनमापून उडत नाही. नखानं खरवडलं तर तुपकट लागलं.

मी स्क्रूड्रायव्हर ठेवायला माझी पेटी ओढली, आणि पेटीच्या झाकणावर तेच ठिपके. दसऱ्याला मी स्वतः काढलेले. शेंदूर-तुपाचं स्वस्तिक, चार घरांत चार ठिपके; शीटवर त्यातले खालचे दोनच जळायचे राहिले होते. मान वर करून पाहिलं तर कुंदाताईंच्या मिक्सरवर स्वस्तिक, फ्रिजवर स्वस्तिक. मायक्रोवेव्हच्या बाहेर मात्र काही नाही.

"ताई, दसऱ्याला मशीनांची पूजा कोण करतं?"

"मीच. दुसरं कोण आहे घरात?"

"ह्याची केली?"

"केली ना. मागच्या वर्षी दारावर काढलं, तर हिनं दुसऱ्या दिवशी फडक्यानं पुसून टाकलं. चांगली बोलले मी तिला. शुभ निशाणी अशी पुसतात का? म्हणून ह्या वेळी आत काढलं, त्या पुठ्ठ्यावर. म्हटलं, इथं..."

मोबाईल अजून चालूच होता. त्यांनी तो बंद केला आणि ओट्यावर पालथा ठेवला.

पेटीतून नवी मायका शीट काढली, जुनीच्या मापानं कात्रीनं कापली, मागची जागा कोरड्या कपड्यानं पुसून बसवली. मग कपभर पाणी आत ठेवून मशीन चालवलं. रिकामं कधी चालवायचं नाही, लहरींना शोषायला काहीतरी लागतं. आवाज नाही, ठिणगी नाही. पाणी गरम.

कुंदाताई त्या कपाकडं बघत होत्या. "शेंदरानं असं होईल, हे मला काय माहीत?" हळूच म्हणाल्या.

"शेंदूर असो की साजूक तूप, ताई, आत जळणारच. मलाही पेटी पाहिली तेव्हाच सुचलं."

त्यांनी रजनीकडं न बघता सांगितलं, "रजनी, चाय रख. अद्रक डालना." मग म्हणाल्या, "और कल जल्दी आना. चकली अकेले नहीं होती मुझसे." माफी काही मागितली नाही. पण त्या दुसऱ्या बाईला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला आणि राहू दे म्हणून सांगितलं.

निघताना रजनी गेटपर्यंत माझी पेटी घेऊन आली. माझा संशय अजून पुरता फिटला नव्हता. मी विचारलं, "सब कुछ चमकाया, वही टुकड़ा क्यों छोड़ा?"

"उसपे सातिया बना था, दीदी." सातिया म्हणजे स्वस्तिक. "पिछली बार पोंछा तो कितना सुना."

"फिर बताया क्यों नहीं, कि चिंगारी वहीं से निकल रही है?"

"कैसे बोलती? बाई के भगवान पे दोष लगाती?" ती म्हणाली, आणि पेटी माझ्या हातात देऊन बेसनाकडं परत गेली.

तेव्हापासून मी मायक्रोवेव्ह बघायला गेले, की आधी घरातल्या मिक्सरवर नजर टाकते. पूजा बाहेरून करा, हरकत नाही. आतून मात्र ओल्या फडक्यानं सगळं पुसायचं. आणि पुसणारीला तशी मुभा द्यायची.