चार लिंबं

हुबळीच्या गोकुळ रोडवर नवी गाडी आली रे आली, की धारवाडचे प्रभंजन मास्तर गळ्यात कॅमेरा अडकवून शोरूममध्ये हजर. टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली गाडी थेट घरापाशी आणायची, रस्त्यावर पालथं पडून फोटो काढायचे नि घाईघाईनं परत नेऊन द्यायची, हा त्यांचा जुना नाद. विकत घेणं मात्र कधीच नाही.

परवा दारात लाल गाडी थांबली, तेव्हा बायकोनं, कुसुमावतींनी, मानसुद्धा वर केली नाही. मेथी निवडत त्या म्हणाल्या, "लवकर फोटो काढा नि देऊन या. चहा टाकते."

"अगं, ही घेतलीय!"

"हो, मागच्या महिन्यात निळी घेतली होती, तशीच ना?"

मास्तर चिडले. त्यांनी खिशातून चार लिंबं काढून एकेका चाकाखाली ठेवली. परक्याच्या गाडीला पूजेचं लिंबू लावणारा हा माणूस नव्हे! कुसुमावती मेथी टाकून आरतीचं ताट आणायला धावल्या.

परत येतात तर मास्तर चाकापाशी पालथे, घामाघूम होऊन धडाधड फोटो काढताहेत.

"अहो, उठा," त्या हसून म्हणाल्या, "उद्याही ती इथंच आहे."