कोलाडच्या हॉटेलातलं बिरडं

कंपनीत जेवणाच्या सुट्टीत आम्हा पेण-रोह्याच्या लोकांचं भांडण ठरलेलं: चांगलं हॉटेल कुठलं आणि भिकार कुठलं. कोलाडच्या एका हॉटेलाचं नाव निघालं की माझ्या शेजारचा फिटर भडकायचा. "पाय ठेवू नका तिथं. वालाची सालं पन काढत नाय."

मला काही हे पटेना. चांगली जागा हा स्वतःपुरती राखून ठेवतोय, अशी माझी खात्रीच झाली. म्हणून एका रविवारी मुद्दाम गेलो आणि वालाचं बिरडं मागवलं. एकाही दाण्याला साल नव्हतं. चव तर थेट फिटरच्या डब्यातली; तो डबा रोज तो माझ्यापुढे सरकवायचा.

हात धुवायला मागे गेलो, तर परातीत वाल सोलत फिटरची बायको बसलेली. गणपतीत मी तिच्या हातचं जेवलो होतो. ती हळूच म्हणाली, "भाऊजी, कंपनीत बोलू नका हां. ह्यांना कमीपणा वाटतो."

सोमवारी कोलाडचा विषय निघताच फिटरच्या आधी मीच ओरडलो, "भिकार हॉटेल! सालं पन काढत नाय!"

मी तिथं जाऊन आलोय हे त्यानं ओळखलं आणि डब्याचं झाकण लावलं. त्या दिवसापासून त्यानं डबा माझ्यापुढे कधी सरकवला नाही.