काडीवरची खूण

मनू, ये, जरा जवळ ये. तू तिकडे नागपुरात आहेस हे ठाऊक आहे मला, तरी ये. रागवायचं तर माणूस जवळ लागतं. परवा फोनवर काय म्हणालीस? "आजी, आबाजींचं ते भंगार अंगणातून हलवून टाक." असं बोलतात का माय? तुझ्या आईनं तुला कधी काही सांगितलं नाही, म्हणून बोललीस. मग मीच सांगते.

तुझ्या आबाजींनी जन्मात कुणाला सपाट माप दिलं नाही. ते माझे भासरे, माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. खळ्यावर मजुरीचं धान मोजताना बाकीचे लोक मापावरून हात फिरवून वरचा ढीग पाडत; भासरे उलट दोन्ही हातांनी शीग चढवत, धान ओसंडून खाली येईपर्यंत. बायाच म्हणत, पुरे करा ना भाऊ. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "सांडलं त सांडू द्या. कमी पडलं त लाज आपली."

लहानपणी बैलबंडीचं चाक त्यांच्या डाव्या पायावरून गेलेलं. क्लच दाबणं जमायचं नाही. म्हणून बदली होऊन चाललेल्या एका साहेबाची जुनी ऑटोमॅटिक गाडी त्यांनी घेतली. आमच्या सावली गावात तशी गाडी तेव्हा कुणी पाहिली नव्हती. जो तो विचारी, गेर नाही तर चालते कशी? त्यांचं नावच पडलं, बिनगेरवाले भाऊ. ते हसून म्हणत, "गेर हाये ना. घरच्या बाईसारखा हाये. सांगा लागत नाई, आपलं आपण करते." आत चुलीपाशी मला ऐकू येईल एवढ्या आवाजात.

मिस्त्री लोक बॉनेट उघडून पाहत आणि तसंच लावून टाकत. शेवटी गिअरचं तेल बदलायला भासरे स्वतःच शिकले. त्याला सपाट जागा लागते, आणि सपाट जागा म्हणजे आमचं सारवलेलं खळं. पोतं टाकून गाडीखाली शिरायचं, तळाचं झाकण सोडायचं. जुनं तेल काढ्यासारखं निघे; त्याचा ते वास घेत, जळकट तर नाही ना म्हणून. नवं तेल कुंकवासारखं लाल. ते भरलं की गाडी फिरवून गरम करायची, इंजिन चालूच ठेवून दांडा सगळ्या खाचांतून फिरवायचा, मग तेलाची काडी ओढून, पुसून, पुन्हा बुडवून पाहायची. पुसायला सुती फडकं चालत नाही, त्याचे तंतू आत जातात. म्हणून माझ्या जुन्या नायलॉन साडीचे तुकडे लागत.

पण मागणार कसे? भासऱ्यांनी धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायची आमच्यात रीत नव्हती. तुझी सख्खी आजी लवकर गेली, तुझ्या आईला मीच वाढवलं, आणि आमच्या दोघांच्या मधली बोलणारीही तीच. "पोरी, काकूले फडकं माग." मी दाराआडच उभी असे. "देते म्हणा," असं मी तिलाच सांगे.

तिच्या लग्नानंतरची पहिली महाशिवरात्र. व्याही आणि विहीणबाई आलेले. त्यांना मार्कंड्याच्या जत्रेला गाडीनं न्यायचं ठरलं. आदल्या दिवशी भासऱ्यांनी तेल बदललं. काडीवर दोन खुणा असतात, तेल त्यांच्या मधे असावं लागतं. ते वरच्या खुणेला टेकलं तेव्हा तुझी आई म्हणाली होती, "बाबा, झालं." "पाहुणे हायेत," म्हणाले, आणि डब्यात उरलेलंही ओतून टाकलं. शीगच चढवली म्हण ना. धानाला शीग शोभते, त्या यंत्राला नाही. तेल जास्त झालं की आत घुसळून त्याचा ताकासारखा फेस होतो, आणि फेसात जोर नसतो.

नदीचा पूल ओलांडला, आणि पुढच्या चढावर इंजिन नुसतं ओरडू लागलं, गाडी काही पुढे जाईना. मग धूर. मग रस्त्यावर लाल ओघळ. जत्रेला चाललेली एक म्हातारी थांबून विचारते, "कोन चेंगरलं वो?" व्याही हसले. विहीणबाई साडी झटकत उतरल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पुढच्या खेपेले बंडीच जुपा. बैल अडला त दिसते तरी."

मागून ट्रॅक्टरची ट्रॉली आली. त्यात ते दोघं चढले, पाहुण्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून माझा नवरा चढला, आणि तुझी आईही चढली. चढून आमच्याकडे पाठ करून बसली. भासरे नरसाळं हातात धरून तसेच उभे. का धरलं होतं कुणास ठाऊक.

ट्रॉली दिसेनाशी झाली, आणि रस्त्यावर आम्ही दोघंच उरलो. मधे बोलणारं कुणी नाही. त्यांनी काडी ओढली, पुसली, पुन्हा बुडवली, आणि माझ्यासमोर धरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले, "बाई, तू पाह्य. मले पाह्यजे थेच दिसते." मी पदर मागे सारला. फेस खुणेच्या कितीतरी वर होता. "जास्त हाये," मी म्हटलं. त्यानंतर आमच्यापैकी कुणाचीच मान वर झाली नाही.

त्या दिवसापासून मला काडी दाखवल्याशिवाय त्यांनी थेंब ओतला नाही. मी पोळ्या लाटत असले तरी ते दारात येऊन उभे, "पाह्य वो बाई." पुढे मलाच गाडी शिकवली. खळ्यावरची शीग मात्र शेवटपर्यंत सोडली नाही.

तुझी आई त्या गाडीत पुन्हा बसली नाही. तुला कडेवर घेऊन एसटीनं यायची. भासरे स्टँडवर गाडी घेऊन उभे असायचे, आणि ती ऑटोरिक्षात बसायची. ऑटोच्या मागे ते रिकामी गाडी हळूहळू आणत. सारं गाव पाहायचं. घरी पोचल्यावर मला विचारायचे, "आली का पोरगी?" जणू काही ठाऊकच नाही.

शेवटच्या आजारात मी एकदा विषय काढला. पोरीनं त्या दिवशी पाठ फिरवली ते मनात आहे का, असं विचारलं.  ते म्हणाले, "पाठ काऊन फिरवन थे? ऊन तिकून होतं. उन्हाले पाठ करून बसली पोरगी."

मनू, मी तिथंच होते. ऊन कुठून होतं ते मला ठाऊक आहे. पण भासऱ्यांशी कुणी वाद घालत नाही.

ते गेले तेव्हा तुझी आई आली, गाडीच्या दारावरून हात फिरवला, आणि बसली मात्र नाही. लोकांना वाटतं तिला राग आहे. राग असता तर भांडून मोकळी झाली असती. लाज आहे ती, तेव्हा पाठ फिरवल्याची, आणि तिला वाटतं आता माफी मागायलाही कुणी उरलं नाही. उन्हाचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

गाडी मी अंगणातल्या अंगणात सुरू करत असते. तेल बदलायला आलंय, जळकट वास येऊ लागलाय. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, काडीवरची खूण दिसत नाही; आणि एकट्यानं पाहायचं नाही, ही तर या घरची रीत. धान निघालंय, खळं सारवून ठेवते, नायलॉनचं फडकंही काढून ठेवते. गाडीखाली शिरायला तू आहेसच. ओतताना "झालं" म्हणायला तुझ्या आईला घेऊन ये. ती म्हणाली की या वेळी मी थांबेन. लवकर या माय.