सामानापाशी मोठेबाबा

आमच्या घरी समुद्रावर जायचं ठरलं की सगळ्यात आधी आईचा आवाज चढतो. "तिथी सारे मासेच खातेत बाप्पा! आपन काय खाचं?" असं म्हणत ती तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी, छोटा गॅस, दोन गंज म्हणजे पातेली आणि एक कढई गाडीत चढवते. मग बाबा, वीज कंपनीच्या फोनवर बोलतात त्याच साहेबी आवाजात, "नंदिनी, आपन फिराले चाललो का बदलीवर?" त्यावर चुलतभाऊ हेमराजदादाची बायको मयुरीवहिनी नाकातून, अगदी हळू, "आंघोळीची बादली घेतली काय जी?" आणि या कालव्यात गाडीच्या मागच्या दाराशी प्रत्येक पिशवीची गाठ ओढून बघणारा एक माणूस. घरातल्या सगळ्यांच्या नकला मी करतो, त्यात त्याची नक्कल सगळ्यात सोपी. घसा जरा खाकरायचा, मान एका बाजूला टाकायची आणि म्हणायचं, "जा तुमी. मी हावो ना बसलो."

ते आमचे मोठेबाबा, डोमाजी. बाबांचे थोरले भाऊ. त्यांची शेती सिंदी रेल्वे नावाच्या गावाजवळ. आम्ही राहतो वर्ध्याला लागून बोरगाव मेघ्यात, पण सहल निघते ती दोन्ही घरांची मिळूनच.

मोठेबाबांनी आयुष्यभर बसण्याचं काम केलं. यात थट्टा नाही. आजोबा गेले तेव्हा ते शाळकरी होते. त्या वर्षीपासून ते शेतात माळ्यावर जागलीला बसले, रानडुकरं हाकलत. बाबा शिकले ते मोठेबाबा बसले म्हणून, असं बाबाच सांगतात. पुढे सगळ्या गोतावळ्याला ती सवय लागली. लग्न असलं की आहेराच्या खोलीत मोठेबाबा. दवाखान्यात कोणी असलं की बाहेरच्या बाकावर मोठेबाबा. रेल्वे स्टेशनवर लोक चहा प्यायला, पेपर आणायला, पोरांना इंजिन दाखवायला पांगतात, आणि बॅगांच्या मधोमध मोठेबाबा. कोणी त्यांना सांगत नाही. ते स्वतःच खाली टेकतात.

समुद्रही त्यांनी असेच पाहिले. पाहिले म्हणणंही खरं नाही. मुरुडला, गणपतीपुळ्याला, जगन्नाथपुरीला ते वाळूवर पिशव्यांचं गोल रिंगण करायचे, आमच्या चपला जोडीजोडीनं लावायचे आणि मधे बसायचे, तोंड रस्त्याकडे करून. पाठ समुद्राला.

"मोठेबाबा, इकडे पाहा ना, लाटा!" माझी बहीण अंकिता ओरडायची.

"चोर काय पान्यातून येते काय वं?" ते म्हणायचे. वावरात बसणाऱ्याची नजर धुऱ्याकडे, बांधाकडे असते, पिकाकडे नाही.

त्यांची बायको रुख्मिणी, आमची मोठीआई, त्यांच्या उलट. तिचं तोंड गिरणीच्या पट्ट्यासारखं चालायचं. तिची नक्कल करताना श्वास कुठे घ्यायचा हेच कळत नाही. पण पाण्याला ती भ्यायची. ओल्या वाळूपर्यंत जायची, लाट आली की लुगडं वर धरून "अगं माय माय माय" करत मागे पळायची. हेमराजदादानं हात पुढे केला तर म्हणायची, "तू सोडून देशीन, तुले मी पाळन्यापासून ओळखतो." तिला एकाच माणसाचा हात हवा होता आणि तो माणूस तिकडे पाठ करून बसलेला.

गेल्या मे महिन्यात आम्ही तारकर्लीला निघालो. त्याआधी डॉक्टरांनी मोठीआईच्या छातीतल्या झडपेचं ऑपरेशन सांगितलं होतं, पाऊस संपला की. त्यानंतर तिला इतका लांबचा प्रवास झेपेल की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. तिनं गाडी यवतमाळच्या पुढे गेल्यावर जाहीरच केलं.

"आयका रे सारे. यंदा हे सामानापाशी नाई बसनार. माह्या हाताले धरून मले पान्यात नेनार."

"वहिनी, दवंडी देऊ काय?" बाबा.

"द्या ना भाऊजी! अवं, लगनाच्या दिवशीबी हा मानूस आहेराच्या खोलीत बसलता. भटजीनं बोलावनं धाडलं, तवा उठला. नवरदेव कुठी हाय म्हून माह्या बापाचा जीव खालवर!"

गाडी हसून हलायला लागली. मोठेबाबांनी घसा खाकरला. "नेतो ना. नाई म्हनलं काय?"

"कुठलोक?"

"घोट्यालोक."

"घोट्यालोक त मी घरी बादलीत जातो. गुडघ्यालोक."

"बरं. गुडघ्यालोक."

पहिला दिवस किल्ल्याच्या होडीत आणि उन्हात गेला. संध्याकाळी मोठीआईला धाप लागली, ती खोलीवर पडून राहिली. "उद्या," म्हणाली. उद्या म्हणजे शेवटचा दिवस. सकाळी लॉज सोडला आणि गाडीचं चाक बसलं. ड्रायव्हर गाडी मालवणात गॅरेजला नेणार होता. आई म्हणाली, "परक्याच्या गॅरेजात सामान ठेवाचं नाई." म्हणून डाळीच्या डब्यांसकट, गॅससकट सगळं वाळूवर उतरलं.

किनाऱ्यावर माणसांची जत्रा. एक पोरगा कर्ण्यातून गातच होता, "चला चला चला, बनाना, बंपर, जेटस्की, फॅमिली पॅकेज!" बाबांनी पाण्यातल्या या सगळ्या खेळांचं पॅकेज घेतलं. आम्ही लाइफ जॅकेटं अडकवली.

मोठीआई पदर खोचून तयार उभी होती. "चला," ती मोठेबाबांना म्हणाली.

"पोट्टे येऊ दे. सामानापाशी कोनी पायजे ना."

आम्ही आलो तर बंपर राहिलं होतं. बंपरहून आलो तर हेमराजदादाला आकाशातल्या छत्रीवर जायचं होतं, वहिनीला त्याचा व्हिडिओ काढायचा होता, आईला अंकिताचे ओले कपडे बदलायचे होते, त्याची खोली कुठे लांब. प्रत्येक जण येऊन एकच वाक्य टाकून जायचा, "बस, आलोच हं मोठेबाबा." मोठेबाबा म्हणायचे, "जा, जा. मी हावो ना बसलो."

मोठीआई मग त्यांच्याशेजारीच बसली. पलीकडे एक बाई शहाळी विकत होती. मोठीआईनं तिला नवरा काय करतो, पोरं किती, झाडावर कोण चढतं, सगळं विचारून घेतलं. ऊन उतरायला लागलं तशी ती दर थोड्या वेळानं पाण्याकडे बघायची, मग नवऱ्याकडे. शेवटी शहाळेवालीलाच राहवलं नाही.

"जावा ओ काका, त्यांका घेऊन. मी आसंय हंय. कोण नेतलो तुमचां सामान?"

"नाई बाई, तुमाले काऊन त्रास?"

"त्रास कसलो? मी खंय जातंय?"

मोठीआई उठली. तिनं हातही पुढे केला. "चला ना जी. बाई पाह्यते म्हनते."

मोठेबाबांनी एकदा शहाळेवालीकडे पाहिलं, एकदा पिशव्यांकडे. त्यात काय होतं, तर ओले टॉवेल, उरलेलं पीठ, चटणीचा डबा आणि आईचे गंज. ते हळूच म्हणाले, "वळख ना पाळख. अशा मानसाच्या भरवशावर कसं सोडाचं? हेमराज येतेच आता."

मोठीआईनं हात मागे घेतला. चिडली नाही. फक्त बोलणं बंद झालं, आणि तिचं बोलणं बंद झालं की काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

हेमराजदादा आला तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. "बाबा, जा तुमी आता, मी बसतो." मोठेबाबा उठले, धोतर वर खोचलं, मोठीआईचा हात धरला. दोघं चालायला लागली. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि तेवढ्यात जीवरक्षकाची शिट्टी. भरती लागली होती, तो सगळ्यांना मागे हाकत होता.

"भाऊ, पायच भिजवतो," मोठीआई म्हणाली.

"नाय मावशी, लाटा मोठ्या आहेत. वयस्कर माणसांना सोडू शकत नाही. उद्या सकाळी या."

"उद्या सकाळी आमी सोलापुरात राहू रे बाबू."

मोठेबाबांच्या जागी दुसरं कोणी असतं तर भांडलं असतं. त्यांना भांडण माहीत नाही. कोणी थांब म्हटलं की ते थांबतात. दोघं तिथेच, कोरड्या वाळूत, हात धरून उभी राहिली. मग मोठीआई हसली. "जाऊ द्या जी. पुढच्या खेपेले." तोवर ड्रायव्हरनं रस्त्यावरून हॉर्न दिला होता.

पुढची खेप आली नाही. पावसाळा सरल्यावर ऑपरेशन झालं. आत एका वेळी एकालाच सोडायचे. मोठेबाबा प्रत्येकाला पुढे घालत होते, "तुमी भेटून या. मी हावो ना बसलो बाहेर." ते शेवटी आत गेले तेव्हा तिच्या तोंडात नळी होती. ती त्यांच्याशी काही बोलू शकली नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

हिवाळाभर मोठेबाबा शेतात राहिले. घरी मला कोणी त्यांची नक्कल करायला सांगेना. या एप्रिलमध्ये ते बोरगावला आले, चहा घेतला, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "यंदा समुद्रावर जाचं नाई काय?"

आई बाबांकडे बघत राहिली. बाबा म्हणाले, "दादा, तुमी म्हनान तिथी."

"मागच्याच ठिकानी."

आईनं कढईसुद्धा घेतली नाही. तारकर्लीला हेमराजदादानं सगळं सामान गाडीत ठेवलं, कुलूप लावलं, मोबाइल आत टाकले. आम्ही रिकाम्या हातांनी वाळूवर उतरलो. सांभाळायला काहीही नव्हतं.

"चला मोठेबाबा," अंकिता म्हणाली. "आपण सारेच जाऊ."

"तुमी व्हा पुढे."

ते शहाळेवालीकडे गेले. मी त्यांच्या मागे होतो. तिनं पाहताक्षणी ओळखलं. "वर्ध्याचे काका ना तुमी? मावशी खंय? माका लय बोलता करत होती."

"वारली ते."

बाईच्या हातातला कोयता खाली आला. ती काही बोलायच्या आत मोठेबाबांनी विचारलं. घसा खाकरला नाही, मान कलती केली नाही. तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"बाई, एक सांगा. मांगच्या साली तुमी म्हनलं होतं, सामान पाह्यतो म्हून. खरंच पाह्यलं असतं काय?"

"बघलंय असतंय की ओ," ती सहज म्हणाली. "त्यात काय मोठां? सगळ्यांचां बघतंय मी. तास, दोन तास."

मोठेबाबा तिच्याकडे बघत राहिले. मग तिला उमगलं असावं. ती घाईनं म्हणाली, "पण त्या दिवशी गर्दी किती! माझां लक्ष रव्हलां नसतां काका. चोऱ्या होतत हंय. तुमी केलास तां बरोबर केलास."

"नाई," मोठेबाबा म्हणाले. "तुमी पाह्यलं असतं."

आणि ते पाण्याकडे चालायला लागले. चपला काढल्या नाहीत, धोतर खोचलं नाही. हेमराजदादानं हात धरायला हात पुढे केला, तो त्यांना दिसलाच नाही. ते घोट्यापर्यंत गेले, मग गुडघ्यापर्यंत, आणि तिथे थांबले. लाटा येत होत्या, एक चप्पल निघून वाहत गेली, ते हलले नाहीत. आम्ही त्यांच्या मागे उभे होतो. बाबांना रडताना मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. तेही मोठ्या माणसासारखं नाही, नाक ओढत, पोरासारखं.

गाडीत बसताना आईनं टॉवेल आणि पाण्याची बाटली पुढे केली. मोठेबाबांनी घेतली नाही. आंबोलीचा घाट चढेपर्यंत धोतर वाळून कडक झालं आणि त्यांच्या पोटऱ्यांवर मीठ फुललं.

"मोठेबाबा, पाय धुवा ना," अंकिता म्हणाली. "खाज सुटन."

"सुटू दे," ते म्हणाले.